रोल सर्वांत शेवटी: कपाटातला पेंटॅक्स के-१००० पुन्हा वापरात आणताना

दिवाळीनंतर माझी भाची धुऊन आलेला रोल घेऊन दांडिया बाजारातल्या घरी आली. "मामा, अख्खा कोरा आलाय. लॅबवाल्यांनी घोळ घातला." मी पट्टी खिडकीशी धरली. एकही चित्र नव्हतं. पण भोकांच्या कडेने फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे ठसठशीत काळे उमटले होते. हे आकडे कारखान्यातच फिल्मवर छापलेले असतात आणि रोल नीट धुतला तरच दिसतात. म्हणजे लॅबचं काम चोख होतं. फिल्मचं टोक आतल्या स्पूलमधून निसटलं होतं. तिने ३६ वेळा शटर दाबलं आणि फिल्म डबीतून हललीच नाही.

गेल्या वर्षभरात असे रोल मी पुष्कळ पाहिले. आजोबांचा, काकांचा कॅमेरा कपाटातून निघतो, त्याच संध्याकाळी ऑनलाइन रोल मागवला जातो, आणि पहिला महागडा रोल कॅमेऱ्यातले दोष शोधण्यात वाया जातो. खरं तर यातले बहुतेक दोष रोल न भरता, घरबसल्या सापडतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका. रोल सर्वांत शेवटी.

लेख पेंटॅक्स के-१००० धरून लिहिला आहे. त्याचं उत्पादन १९९७ मध्ये थांबलं. माझ्याकडे दाखवायला येणाऱ्यांत तोच जास्त असतो, आणि त्याचं शटर पूर्ण यांत्रिक असल्याने सेल नसतानाही चालतं. तुमच्याकडे दुसरा मॅन्युअल फोकसचा कॅमेरा असेल तर बहुतेक पायऱ्या लागू पडतील, पण आधी एक गोष्ट पाहून घ्या: त्याच्या शटरला सेल लागतो का? कॅनन एई-१ सारखा कॅमेरा सेलशिवाय हलत नाही. तो बंद दिसला म्हणजे बिघडलाच असं नाही.

पायरी १: तयारी

सगळं आधी गोळा करा. अर्धं काम झाल्यावर कापूस शोधायला उठलात की उघड्या कॅमेऱ्यात धूळ जाते.

- हवेचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (स्पिरिट किंवा सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि इतर गोष्टी असतात)
- कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, बांबूच्या टूथपिक
- काळी बारीक अ‍ॅक्रिलिक लोकर आणि मागे गोंद असलेला २ मिलिमीटर जाडीचा काळा फोम
- एसआर-४४ सेल, एक
- केबल रिलीज (शटरच्या बटणाला लावून दुरून दाबायची तार), छोटा टॉर्च, किल्लीच्या जुडग्याला लावतात तो बारका एलईडी
- स्लो मोशन व्हिडिओ घेणारा मोबाइल
- पांढरी थाळी किंवा चादर, म्हणजे पडलेली वस्तू दिसेल

लोकर मंगळबाजारात मिळते, फोम स्टेशनरीच्या दुकानात. काम पंखा बंद करून करा. बडोद्याच्या मे महिन्यात हे जड जातं, म्हणून सकाळी सातला बसा.

पायरी २: उघडण्याआधी, आत रोल आहे का?

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तीच बहुतेक जण विसरतात. घरातल्या जुन्या कॅमेऱ्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा अर्धवट रोल असू शकतो. मागचं झाकण उघडलंत की तो गेला.

डावीकडच्या रिवाइंड बटणाची लहान दांडी उघडा आणि बाणाच्या दिशेने अगदी हलकेच फिरवा. सैल फिरत राहिली तर कॅमेरा रिकामा आहे. एक-दोन वळणांत ताण लागला तर आत फिल्म आहे.

फिल्म असेल तर थांबा. तळाचं छोटं बटण दाबा, दांडी बाणाच्या दिशेने सावकाश फिरवत राहा, ताण सुटल्यावरही चार-पाच वळणं द्या, मगच झाकण उघडा. जुनी फिल्म ठिसूळ झालेली असते, म्हणून घाई नको. तो रोल 'जुना, उघडलेला नाही' अशी चिठ्ठी लावून लॅबकडे द्या. रंग विटलेले येतील, पण आजी ओळखू येईल.

पायरी ३: कोरडी तपासणी

आता लेन्स काढा. माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) बाजूचा खटका दाबून लेन्स समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची. रिवाइंड बटण वर ओढून मागचं झाकणही उघडा.

आधी नुसतं पाहा. शटरच्या पडद्याला हात लावू नका. हा पडदा रबर चढवलेल्या कापडाचा असतो. त्यावर सुरकुती, चिकट डाग, पांढरी बुरशी दिसते का? मग फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर एका दमात शेवटपर्यंत ओढा आणि १/६० सेकंदाच्या वेगावर शटर दाबा. आरसा वर जाऊन लगेच खाली आला पाहिजे.

आरसा वरच अडकला तर घाबरू नका. त्याच्या वरच्या कडेला एक फोमची पट्टी असते. ती वितळून डांबरासारखी झालेली असते आणि आरसा तिला चिकटतो. कॅमेरा 'जाम' म्हणून टाकून दिलेले मी पाहिले आहेत, आणि त्यात बिघाड होता तो एवढाच. उपाय पायरी ५ मध्ये.

आता वेग. मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर ठेवा. कॅमेऱ्याच्या समोरून टॉर्च, मागून मोबाइल. एकेका वेगावर शटर दाबा आणि नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवून, किती फ्रेममध्ये उजेड दिसतो ते मोजा.

- १ सेकंद: साधारण २४० फ्रेम
- १/८: ३०
- १/१५: १६
- १/३०: ८
- १/६०: ४

१/३० ला सहा ते दहा फ्रेम आल्या तर निर्धास्त राहा. सोळा आल्या तर शटर एक पूर्ण स्टॉप मंद आहे, म्हणजे दुप्पट उजेड आत सोडतं. जुन्या ग्रीसमुळे एक सेकंद ते १/१५ हे वेग बहुधा आळसावलेले असतात. रोज सकाळी प्रत्येक वेगावर वीस-पंचवीस वेळा शटर दाबा, आठवडाभर. पुष्कळ कॅमेरे एवढ्यानेच ताळ्यावर येतात. नाही आले तरी उन्हात फोटो काढायला काही अडत नाही.

१/१२५ च्या पुढचे वेग मोबाइलने मोजू नका, आकडा फसवा येतो. त्यासाठी डोळा वापरा. कॅमेरा मोकळ्या आभाळाकडे (सूर्याकडे नव्हे) धरा, मागून आत पाहा आणि १/१००० वर दाबा. क्षणभर चौकोन लखलखला पाहिजे, कडेपासून कडेपर्यंत. एक बाजू अंधारी राहिली तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतो आहे. १/५०० वर पुन्हा पाहा. तिथे चौकोन पूर्ण दिसला तर १/१००० सोडून बाकी सगळं वापरता येतं.

*तपासा:* अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने पडद्यावर टॉर्च मारा, आरशाची कड टूथपिकने अलगद उचला आणि माउंटमधून पाहा. चांदणीसारखा ठिपका दिसला तर पडद्याला भोक आहे. हे दोनदा करा: लिव्हर न ओढता आणि ओढून. दोन पडदे आहेत, एका वेळी एकच समोर असतो.

पायरी ४: सेल आणि मीटर

तळाचं सेलचं झाकण नाण्याने उघडा. नाणं खाचेत घट्ट बसणारं हवं. सैल नाण्याने खाच झिजते आणि मग ते झाकण कोणालाच निघत नाही. हलत नसेल तर कडेने अल्कोहोलचा एक थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा प्रयत्न करा.

आत हिरवट-पांढरा थर असेल तर जुना सेल गळला आहे. कापसाची काडी साध्या व्हिनेगरमध्ये बुडवून, निथळवून थर पुसा. नंतर दुसऱ्या काडीने अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. पत्र्याची चकाकी दिसेपर्यंत पुसायचं, पण खरवडायचं नाही.

एलआर-४४ आणि एसआर-४४ दिसायला सारखेच. एलआर स्वस्त असतो, पण त्याचा दाब हळूहळू उतरतो आणि तो गळतोही जास्त. एसआर शेवटपर्यंत स्थिर राहतो. चार पैसे जास्त गेले तरी एसआरच घ्या. बसवताना कॅमेऱ्यावरची अधिकची खूण पाहा.

सेल तपासायला फिल्मचा वेग (म्हणजे आयएसओचा आकडा) १०० वर आणि शटर 'बी' वर (बटण दाबून धरेपर्यंत उघडं राहणारा वेग) ठेवा, लेन्सचं टोपण काढा. व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडचा काटा वर उसळला पाहिजे.

*जपा:* या कॅमेऱ्यात उजेड मोजणारा मीटर बंद करायचा खटकाच नाही. उजेड आत गेला की मीटर चालू. टोपण न लावता टेबलावर ठेवलात तर सेल काही दिवसांत संपतो. टोपण लावणं म्हणजेच मीटर बंद करणं.

काटा हलतो म्हणजे बरोबर सांगतो असं नाही. भर दुपारी, स्वच्छ उन्हात पसरलेल्या गवताच्या तुकड्यावर कॅमेरा धरा. कमाटीबागेत भरपूर जागा आहे. फिल्मचा वेग २०० ठेवला तर एफ/१६ (लेन्सच्या भोकाचं माप) आणि १/२५० ला काटा मध्याच्या आसपास यावा. मोबाइलवरच्या लाइट मीटरशीही तुलना करा. फरक नेहमी एकाच बाजूला आणि सारखाच येत असेल तर कॅमेरा उघडू नका, फिल्मच्या वेगाची चकती तेवढी पुढे-मागे ठेवा. मीटर एक स्टॉप जास्त उजेड दाखवतो? २०० च्या फिल्मला १०० लावा. अट एवढीच, ते चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधा.

पायरी ५: फोम बदलणं

घरी करण्यासारखी, आणि करायलाच हवी अशी दुरुस्ती ही एकच. मागच्या झाकणाच्या खाचांमध्ये, बिजागरीच्या कडेला आणि आरशाच्या वर जो काळा फोम असतो, तो इतक्या वर्षांत नक्कीच कुजलेला आहे. बोट लावून पाहा. काळा चिकट डाग पडला तर तो उजेड अडवत नाही, नुसता जागा अडवून बसला आहे.

भाचीच्या कॅमेऱ्याचं हे काम आम्ही ओसरीवर बसून केलं. अडीच तास लागले, त्यातले दोन नुसते जुना फोम काढण्यात. तेच बरोबर प्रमाण आहे. खाचेत थोडाही जुना चिकटा राहिला तर नवीन फोम वर येतो आणि झाकण बसत नाही.

*आधी झाकण.* शटरचा पडदा उघडा दिसतो, त्यावर जाड कागदाचा तुकडा कापून ठेवा, नुसता ठेवायचा, चिकटवायचा नाही. टूथपिकचं टोक तिरकं कापून चिमुकल्या फावड्यासारखं करा. खाचेतला कोरडा फोम आधी तसाच उचला. मग कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, *निथळवून*, खाचेतून एकाच दिशेने ओढा. काडी काळी झाली की फेकून नवीन. आमच्या साठ-सत्तर काड्या गेल्या. पुढे-मागे घासलंत तर चिकटा नुसता पसरतो. कॅमेरा असा धरा की कण बाहेर पडतील, पडद्याकडे नाही.

खाच स्वच्छ, कोरडी झाली की लोकरीचा एक पदर घ्या. खाचेत गोंदाचे अगदी तीन-चार बिंदू, त्यावर लोकर टूथपिकने दाबत बसवा. लोकर ताणू नका, नाहीतर वाळल्यावर आखडते आणि कोपरा उघडा पडतो. मला या खाचांसाठी फोमपेक्षा लोकर आवडते, कारण ती पुन्हा कधी वितळणार नाही. बिजागरीच्या कडेला मात्र फोमची पट्टीच लावा, तिथे दाब जास्त असतो.

*मग आरशावरची पट्टी.* इथे हात स्थिर हवा. आरसा साध्या आरशासारखा नसतो. त्याचा चांदीचा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला असतो, मागे नाही. एक पुसणी पुरते आणि ओरखडा कायमचा राहतो. त्याच्या वरची फोकसिंगची काच प्लॅस्टिकची असते, आणि अल्कोहोलच्या एका थेंबाने ती धुरकट होते. दोन्हीवर कागद कापून ठेवा.

बरेच जण इथे कॅमेरा उलटा करून बसतात. तसं केलं की सगळे काळे कण थेट फोकसिंगच्या काचेवर पडतात. माउंटचं तोंड जमिनीकडे झुकवा, म्हणजे कण बाहेर थाळीत पडतील. जुना फोम कोरडाच उचला, अल्कोहोल शेवटी, ओलसर काडीने, एकदाच.

नवी पट्टी कापताना जुनीच्या मापाची कापा. गोंदाची बाजू एकदा चिकटली की चिकटली. म्हणून लावण्याआधी तिच्यावर पाण्याचं ओलं बोट फिरवा. पाच-सात मिनिटं ती सरकवता येते, मग पाणी वाळून पक्की बसते.

*जपा:* झटपट चिकटणारा गोंद कॅमेऱ्याच्या जवळपासही नको. त्याची वाफ लेन्सवर आणि काचेवर पांढरी राप धरते.

*तपासा:* झाकण बोटाच्या हलक्या दाबाने 'टक' करून लागलं पाहिजे. तळहाताने रेटावं लागत असेल तर लोकर जाड झाली, काढा आणि बारीक घ्या. मग किल्लीच्या जुडग्यातला एलईडी पेटवून रोलच्या जागेत ठेवा, झाकण लावा, खोलीत पूर्ण अंधार करा. डोळे सरावायला मिनिटभर द्या. झाकणाच्या चारही कडा, विशेषतः बिजागरी, फिरवून पाहा. उजेडाची रेघ दिसली तर तिथे खूण करा आणि तेवढीच जागा दुरुस्त करा.

पायरी ६: लेन्स

लेन्स उजेडाकडे धरून आरपार पाहा. धुळीचे चार कण असले तरी चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. बडोद्याचा पावसाळा आणि चामड्याचं कव्हर एकत्र आले की ती हमखास येते. पुढच्या किंवा मागच्या बाहेरच्या भिंगावर असेल तर लेन्सच्या कागदाने आणि थोड्या अल्कोहोलने मधून कडेकडे गोल पुसा. आतल्या भिंगावर असेल तर जाणत्याकडे द्या. लेन्स उन्हात ठेवून बुरशी जात नाही. वाढ थांबली तरी जाळं तसंच राहतं, आणि काचेवरचा थर तिने खाल्ला असेल तर तो परत येत नाही.

मागच्या बाजूची छोटी दांडी बोटाने सरकवून सोडा. ॲपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या भोकाची) पाती झटक्यात मिटली पाहिजेत. रेंगाळली किंवा तेलकट चमकली तर प्रत्येक फोटो ठरवल्यापेक्षा उजळ येईल.

फोकस खरा आहे का, तेही आताच पाहा. मागचं झाकण उघडून, फिल्म जिथून जाते त्या दोन रुळांवर दुधी रंगाची चिकटपट्टी ताणून लावा. लेन्स एफ/२ वर, शटर 'बी' वर, केबल रिलीजने धरून ठेवा. गच्चीवरून दूरच्या इमारतीवर अनंताची खूण लावली की पट्टीवर तिचं उलटं चित्र रेखीव दिसायला हवं. व्ह्यूफाइंडरमध्ये रेखीव आणि पट्टीवर धूसर, असं असेल तर ते घरी सुधारू नका.

पायरी ७: कुठे थांबायचं

वरचं झाकण, शटरच्या पडद्यांचा ताण, आरशाचा कोन: या तिन्हीला हात लावू नका. आणि तेल तर कधीच नको. माझ्या वडिलांचा कॅमेरा एका दुरुस्तीवाल्याने शिलाई मशीनचं तेल सोडून 'मोकळा' करून दिला होता. आठवडाभर लोण्यासारखा चालला. दोन महिन्यांत तेल सरकत पडद्यावर आलं, कापड चिकटलं आणि तो कायमचा गेला. तेव्हापासून कोणाकडे कॅमेरा देण्याआधी मी एकच विचारतो: "शटरचे वेग कशावर मोजता?" ज्याच्याकडे मोजायचं यंत्र आहे त्याच्याकडे द्या. जो कानाने ऐकून सांगतो त्याच्याकडून परत आणा. देताना तुमच्या तपासणीची चिठ्ठी सोबत द्या, 'बघून घ्या' एवढंच सांगू नका.

कॅमेरा पुरात बुडाला असेल तर गोष्ट वेगळी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा खालच्या कप्प्यातले कॅमेरे गेले. अशा कॅमेऱ्याचं शटर 'चालतंय का' म्हणून दाबू नका, चिखलाचे कण दात्यांत जातात. सेल काढा आणि तसाच जाणत्याकडे न्या. आत रोल असेल तर तो वाळवू नका. वाळताना थर एकमेकांना चिकटतात. ओलाच, पाण्यासह डबीत बंद करून लॅबमध्ये पोचवा.

पायरी ८: आता रोल

फ्रिजमधला रोल तासभर आधी बाहेर काढा, डबी न उघडता. नाहीतर फिल्मवर दव धरतं. सावलीत बसा.

डबी डावीकडे बसवा, रिवाइंड बटण खाली दाबा. फिल्मचं टोक उजवीकडच्या स्पूलच्या फटीत घाला, नुसतं टेकवू नका. झाकण *उघडं असतानाच* लिव्हर ओढा, शटर दाबा, पुन्हा ओढा. वरच्या आणि खालच्या, दोन्ही कडांची भोकं दात्यांत बसलेली आणि फिल्म स्पूलवर एक पूर्ण वेढा गुंडाळलेली दिसली, की झाकण लावा. इथे फिल्मचा एखादा इंच जास्त गेला म्हणून जीव कळवळू देऊ नका.

मग रिवाइंडची दांडी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून आतला ढिलेपणा काढा. ताण लागला की थांबा.

*तपासा:* आता लिव्हर ओढताना नजर रिवाइंड बटणावर ठेवा. ते उलट दिशेने आपोआप फिरलंच पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म पुढे जात नाही, मोजणीचा आकडा काहीही सांगो. भाचीचा आकडा ३६ पर्यंत बिनबोभाट गेला होता. आकडा लिव्हर मोजतो, फिल्म नाही.

शेवटी फिल्मचा वेग लावा: शटरच्या चकतीची बाहेरची कड वर उचलून फिरवायची. हे विसरल्यामुळे फसलेले रोल कोरे आलेल्या रोलपेक्षाही जास्त पाहिले आहेत मी.

पायरी ९: फोटो काढताना

हा मीटर अख्ख्या चौकटीची सरासरी काढतो. उत्तरायणला (संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला) गच्चीवरून फोटो काढाल तेव्हा चौकटीत तीन हिस्से आभाळ असतं. मीटर आभाळालाच मानतो आणि फिरकी धरलेली काकू काळी येते. माणसांचा फोटो हवा असेल तर त्याच उन्हात स्वतःचा तळहात चौकट भरेल इतका जवळ धरून मोजा आणि त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्या. आभाळात नुसत्या पतंगांच्या काळ्या आकृत्या हव्या असतील तर आभाळच मोजा.

पोळातल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीतल्या, सावलीत उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप उजेड कमी असतो. उन्हातून सावलीत आल्यावर मीटरलाही काही सेकंद लागतात. काटा स्थिरावू द्या. शंका असेल तेव्हा रंगीत निगेटिव्हला एक स्टॉप जास्तच द्या. जास्त उजेड ती सोसते, कमी सोसत नाही.

गर्दीत फोकस लावत बसू नका. ५० मिमी लेन्स, एफ/८, अंतर ५ मीटर: साडेतीन ते नऊ मीटरमधलं सगळं पुरेसं रेखीव येतं. निवांत असाल तेव्हा मधल्या गोलातली खरखर नाहीशी होईपर्यंत फिरवा, थोडं पुढे जा, परत या.

गरब्यात फ्लॅश लावलात तर शटर १/६० किंवा त्याहून कमी. १/१२५ ला फोटोची एक बाजू काळी येते, आणि त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो.

पायरी १०: रोल काढणं

लिव्हर मध्येच घट्ट झाली की रोल संपला. 'अजून एक निघेल' म्हणून ओढू नका, भोकं फाटतात. तळाचं बटण, दांडी, सावकाश, ताण सुटेपर्यंत, वर चार वळणं. दांडी आधीपासूनच सैल फिरत असेल आणि तुम्ही खरोखर ३६ फोटो काढले असतील, तर फिल्म डबीतून तुटली आहे. उजेडात झाकण उघडू नका. रात्री, खोली अंधारी करून, जाड रजईखाली हात घालून फिल्म काढा आणि काळ्या डबीत बंद करून तशी चिठ्ठी लावून लॅबला द्या.

पायरी ११: निगेटिव्ह वाचणं

लॅबकडून फक्त स्कॅन घेऊ नका, निगेटिव्ह मागून घ्या. दोष तिथेच वाचता येतात.

कडेचे आकडे आहेत, चित्र नाही: फिल्म सरकली नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेही नाहीत: धुण्यात चूक. उजेडाचे डाग भोकांपर्यंत पसरलेले: मागच्या झाकणाचा फोम, परत पायरी ५. डाग फक्त चौकटीच्या आत: पडद्याला भोक. फोटोची एक बाजू अंधारी आणि ती फक्त १/१००० ला: पडद्यांचा ताण. पूर्ण रोलभर लांब सरळ ओरखडे: फिल्म दाबणाऱ्या मागच्या पत्र्यावर किंवा रुळांवर कण आहे. फ्रेम एकमेकांवर चढलेल्या: लिव्हर अर्धवट ओढली गेली, किंवा तिचा दाता झिजला आहे.

हे वाचता यावं म्हणून पहिल्या रोलभर वहीत प्रत्येक फोटोचा वेग आणि ॲपर्चर लिहा. भाचीने दुसऱ्या रोलला लिहिलं. सतरा नंबरच्या फोटोत सुरसागरच्या काठाशी उजवीकडे काळी पट्टी आली, वहीत त्यापुढे १/१००० होतं, आणि काय झालं ते तिला मला विचारावं लागलं नाही.

पावसाळ्यात ठेवताना

जूनच्या पहिल्या सरीआधी चामड्याचं कव्हर बाजूला काढा. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि शक्य तर आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र. ४० ते ५० टक्के ठीक. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा घाला. तांदळात ठेवू नका, त्याचं पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्याही डब्यात नकोत. सेल काढून ठेवा, लिव्हर ओढलेली सोडू नका, आणि डबा वरच्या कप्प्यात. दर रविवारी बाहेर काढून प्रत्येक वेगावर दहा-दहा वेळा शटर दाबायचं, मग टोपण लावून परत आत.